फुकट की तिकीट? म्युझियमच्या खिडकीवरून आलेले प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते, की सरकारी म्युझियमचं तिकीट वीस-पंचवीस रुपये असतं, वडापाव आणि कटिंगलासुद्धा त्यापेक्षा जास्त जातात, तरी लोक आत जात नाहीत. बस, एवढंच. एरवी या सदरात वाळवीपासून पासपोर्टपर्यंत काहीही विचारतात, पण या एका वाक्यावर जेवढं आलंय तेवढं आजवर कशावर आलं नव्हतं. अर्ध्या लोकांना म्युझियम फुकट पाहिजे, अर्ध्यांना तिकीट दसपट वाढवायचंय, आणि एका गृहस्थांनी नुसतंच "तुम्ही स्वतः शेवटचं कधी गेला होता?" असं विचारलंय. (दिवाळीच्या सुट्टीत गेले होते, भाचीला घेऊन. ती जिन्यातच बसली, पण ते असो.) तर या वेळचं सगळं सदर याच विषयावर.

प्रश्न: मुलीकडे लंडनला दोन महिने राहून आले. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, सगळीकडे एंट्री फुकट! एवढा महाग देश, पाण्याची बाटली घेताना हात थरथरतो, आणि हे फुकट कसं परवडतं त्यांना? मग आपल्याकडे का नाही?
– एक काकू, ठाणे

उत्तर: काकू, पैसे दिलेत की. तुम्ही नाही दिले, तुमच्या मुलीने दिलेत, दर महिन्याला तिच्या पगारातून टॅक्स कापला जातो त्यातून. त्यामुळे जावयाला सांगा की तिकीट त्यांच्यातर्फे होतं, आभार माना, विषय संपला.

पण ते कायम असंच होतं असं नाही, आणि ती गोष्ट मजेशीर आहे म्हणून जरा लांबण लावते. ब्रिटिश म्युझियमचा कायदा १७५३ चा, उघडलं १७५९ च्या जानेवारीत, आणि पहिल्या दिवसापासून फी नाही. आता हे ऐकून वाटेल वा काय उदार लोक. पण आत जायला आधी दारावरच्या माणसाकडे लेखी अर्ज द्यायचा, मग पास मिळायचा, आणि ठरलेल्या वेळी छोट्या घोळक्यात कोणीतरी तुम्हाला घेऊन फिरवणार. म्हणजे पैसे लागायचे नाहीत पण अर्ज लिहिता यायला पाहिजे, आणि दिवसा मोकळा वेळ पाहिजे. गिरणीतला माणूस कुठून येणार? फुकट होतं, पण दार किलकिलंच.

नंतर नॅशनल गॅलरीचं पाहा. ती १८२४ ची, आणि १८३८ पासून ट्रॅफल्गर स्क्वेअरला आहे. ती जागा का धरली, तर पश्चिमेकडचे श्रीमंत घोडागाडीतून येतील आणि पूर्वेकडचे गरीब चालत येतील, दोघांनाही मधे पडेल म्हणून. मला हा विचार फार आवडतो, तिकिटापेक्षाही कोण कुठून कसा येणार हे कोणीतरी बसून ठरवलं. आणि १८५७ ला साउथ केन्सिंग्टनचं म्युझियम उघडलं त्यांनी तर गॅसचे दिवे लावले, कामावरून सुटलेल्या लोकांना रात्री येता यावं म्हणून. तिथे सोमवार, मंगळवार, शनिवार फुकट, बाकीचे तीन दिवस सहा पेनी. फुकटच्या दिवशी गर्दी, आणि अभ्यास करणाऱ्यांना निवांत बसायचं असेल तर त्यांनी सहा पेनीच्या दिवशी यावं असा हिशोब.

जाता जाता सांगते, याच साउथ केन्सिंग्टनवाल्या म्युझियमला 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' (थोडक्यात व्ही अँड ए) हे नाव १८९९ मध्ये मिळालं. आपल्या भायखळ्याच्या म्युझियमला तेच नाव १८७२ मध्ये होतं, उघडलं तेव्हापासून. म्हणजे नाव आधी मुंबईचं! १९७५ मध्ये ते बदलून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झालं. भाऊ दाजी, नाना शंकरशेट या मंडळींनी लोकांकडून वर्गणी जमवून उभं केलेलं ते म्युझियम आहे.

तर पुन्हा लंडन. १९७४ च्या जानेवारीत पंतप्रधान हीथ यांच्या सरकारने सगळ्या राष्ट्रीय म्युझियमना तिकीट लावलं, लोक भडकले, तेवढ्यात निवडणूक झाली, सरकार पडलं, नवीन सरकारने मार्चअखेर ते काढून टाकलं. तीन महिन्यांचा खेळ. मग ऐंशीच्या दशकात सरकारने हात आखडता घेतला आणि म्युझियमवाल्यांना सांगितलं की बघा तुमचं तुम्ही. व्ही अँड ए ने १९८५ मध्ये 'ऐच्छिक देणगी' सुरू केली (ऐच्छिक म्हणजे कशी ते आपल्याला शाळेच्या अ‍ॅडमिशनवरून माहीतच आहे), नॅचरल हिस्टरी म्युझियमने १९८७ मध्ये तिकीट लावलं, सायन्स म्युझियमने १९८८ मध्ये, आणि व्ही अँड ए ने १९९६ मध्ये सरळ पूर्ण तिकीट. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट गॅलरी हे मात्र अडून बसले, आम्ही लावणार नाही म्हणाले. तिकीट लावणाऱ्यांकडची गर्दी घसरली.

शेवटी आधी मुलांना फुकट, मग साठीच्या वरच्यांना फुकट, असं करत करत १ डिसेंबर २००१ पासून सगळ्यांनाच फुकट झालं. आणि यातली खरी अडचण होती टॅक्सची, हे दुकानदार वाचकांना पटकन कळेल. आपल्याकडे जीएसटीत इनपुट क्रेडिट असतं ना, तसंच तिकडे व्हॅटचं. तिकीट विकलं तर तुम्ही धंदा करताय, मग डागडुजी, वीज, सुरक्षा यांच्यावर भरलेला व्हॅट परत मागता येतो. फुकट सोडलं तर धंदाच नाही, मग क्रेडिट कुठलं? म्हणजे जो दार उघडं ठेवणार त्यालाच भुर्दंड. २००१ मध्ये कायद्यात खास कलम घालून फुकट म्युझियमनाही तो व्हॅट परत मिळेल असं केलं, तेव्हा गाडी सुटली. भाषणं खूप झाली होती हो, पण गाठ सुटली ती अकाउंटंटच्या टेबलावर.

परिणाम? आधी तिकीट असलेल्या म्युझियममधल्या भेटी २०००-०१ ला ७० लाखांच्या घरात होत्या, त्या २०१०-११ ला १ कोटी ८० लाखांच्या जवळ गेल्या. आकडा तगडा आहे. पण त्यात बारीक गोम आहे, की वाढलेली गर्दी बरीचशी आधी जाणाऱ्यांचीच जास्त वेळा जाण्याची आणि पर्यटकांची, म्हणजे तुमची. जे कधीच जात नव्हते ते तिकीट निघाल्यामुळे धावत आले असं काही झालं नाही. आणि सगळंच फुकट नाही हेही लक्षात आलं असेल, खास प्रदर्शनांना चांगलं घसघशीत तिकीट असतं, कॉफी महाग असते, दारात देणगीची पेटी असते. टॉवर ऑफ लंडन, जिथे कोहिनूर ठेवलाय, तो सरकारी पैशावर चालत नाही, त्यामुळे तिथे माणशी तीस पौंडांच्या वर लागतात. म्हणजे व्ही अँड ए मधला टिपू सुलतानाचा लाकडी वाघ फुकट आणि कोहिनूर तिकीट काढून! आपलाच हिरा, आणि रांगेत पैसे देऊन आपण. असो.

आपल्याकडचं काय, ते खाली सांगलीच्या प्रश्नात सांगते, तिथे ते नीट बसतं.

प्रश्न: आम्ही वीस वर्षं न्यू जर्सीत आहोत, आता अमेरिकन पासपोर्ट आहे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) आहे. डिसेंबरमध्ये आईबाबांना घेऊन एका ठिकाणी लेणी बघायला गेलो तर त्यांना चाळीस रुपये आणि मला सहाशे! कार्ड दाखवलं, मराठीत भांडलो, तरी ऐकेना. मी परदेशी कसा झालो?
– एक वाचक, एडिसन

उत्तर: पासपोर्टने झालात, पण तिकिटाला नाही. तुमचं बरोबर होतं. गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत स्पष्ट म्हटलंय की ओसीआय कार्डवाल्यांना राष्ट्रीय स्मारकं, ऐतिहासिक स्थळं, म्युझियम, अभयारण्यं यांच्या प्रवेश फीसाठी भारतीय नागरिकांसारखंच धरायचं. पुढच्या वेळी त्या अधिसूचनेची प्रिंट कार्डाबरोबर ठेवा. खिडकीतल्या माणसाशी हुज्जत घालण्यापेक्षा कागद पुढे सरकवलेला बरा, आपल्याकडे छापील कागदाला मान आहे. कार्ड मात्र हॉटेलात विसरून 'मोबाईलमध्ये फोटो आहे' म्हणालात तर काय होईल सांगता येत नाही. आणि ट्रस्टच्या वगैरे खासगी म्युझियममध्ये आधी विचारून घ्या.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, मग ते चाळीस वर्षं दुबईत राहिलेले असू देत, ते भारतीयच आणि चाळीसच रुपये. आणि गंमत म्हणजे श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश अशा सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतल्या पाहुण्यांनाही पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर आपलाच दर लागतो.

राहता राहिलं ते सहाशे रुपये. पुरातत्त्व खात्याचे २०१८ पासूनचे दर असे आहेत, की जागतिक वारसा वगैरे मोठ्या ठिकाणी भारतीयांना ४०, परदेशींना ६००, आणि बाकीच्या ठिकाणी २५ आणि ३००. पंधरा पट म्हणजे लूट आहे असं बरेच जण लिहितात. मला नाही वाटत. इथल्या माणसाने टॅक्समधून आधीच दिलंय, बाहेरच्याने दिलेलं नाही, मग त्याने दारात द्यावं, यात काय चुकलं? आणि आता हे फक्त आपलं राहिलेलं नाही. पॅरिसच्या लूव्र म्युझियमने जानेवारी २०२६ पासून युरोपियन युनियन आणि तिच्याशी जोडलेले काही देश सोडून बाकीच्यांना ३२ युरो केले, आतल्यांना २२ च. लंडनमध्येसुद्धा परदेशी पाहुण्यांकडून घ्यावेत का यावर वाद चालू झालाय. तुमच्या शेजारचं न्यूयॉर्कचं मेट, म्हणजे मेट्रोपॉलिटन म्युझियम घ्या, शहराच्या जागेवर उभं आहे, तिथे वर्षानुवर्षं 'इच्छा असेल ते द्या' चालायचं, १ मार्च २०१८ पासून बाहेरच्यांना २५ डॉलर पक्के केले आणि पुढे ते ३० झाले. न्यूयॉर्क राज्यात राहणारे अजूनही डॉलर टाकून जाऊ शकतात. न्यू जर्सीच्या विद्यार्थ्यांनाही चालतं, पण न्यू जर्सीच्या मोठ्या माणसांना नाही. म्हणजे मुलगा कॉलेजात असेल तर तो एक डॉलर देईल आणि तुम्ही तीस. तिथेही तुम्ही परदेशीच, नुसती नदी ओलांडली तरी!

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. वीस रुपयांत काय होतं? धूळ पुसायलाही पुरत नाही. सरळ दोनशे करा आणि संडास स्वच्छ ठेवा, नाहीतर फुकट करून टाका. हे अधलंमधलं काय आहे? आणि जमलेले पैसे जातात कुठे?
– एक वाचक, सांगली

उत्तर: बँकेतल्या माणसाने शेवटी बरोबर प्रश्न विचारला. पैसे जातात कुठे, यातच सगळं आहे.

जी म्युझियम किंवा स्मारकं थेट सरकारी खात्याची आहेत, म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय घ्या किंवा पुरातत्त्व खात्याची ठिकाणं घ्या, तिथला तिकिटाचा रुपया म्युझियमच्या गल्ल्यात राहत नाही. तो भारताच्या एकत्रित निधीत जातो, घटनेच्या कलम २६६ मधला तो मोठा सामाईक डबा. मग म्युझियमला खर्चासाठी दरवर्षी बजेटमधून जे मंजूर होईल ते मिळतं. म्हणजे सुनेने शिवणकाम करून पैसे मिळवायचे, ते सगळे सासूच्या डब्यात टाकायचे, आणि महिन्याच्या शेवटी सुई-दोऱ्यासाठी परत सासूकडेच हात पसरायचा. आता अशा घरात सून जास्त ब्लाउज शिवेल का? तुमचे दोनशे रुपये घेतले तरी त्यातला एकही रुपया त्या संडासापर्यंत पोचेल याची काहीही खात्री नाही. दर वाढवला तर गर्दी कमी होईल आणि संडास तसाच राहील, असं दोन्हीकडून नुकसान.

स्वायत्त संस्थांचं वेगळं असतं, हैदराबादचं सालारजंग, कोलकात्याचं इंडियन म्युझियम, तिथे केंद्राचं अनुदान मिळतं पण कारभार स्वतःच्या मंडळाचा. आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ज्याला अजूनही टॅक्सीवाले प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात, ते ट्रस्टचं. त्यामुळे तिथे तिकीट बरंच जास्त आहे म्हणून जे लोक शिव्या देतात त्यांनी हे लक्षात घ्यावं की त्यांना ते पैसे खरंच लागतात आणि ते त्यांच्याकडेच राहतात. मला विचाराल तर तिथलं तिकीट मी कुरकुर न करता काढते. चौघांच्या कुटुंबाला ते जड जातं हेही खरं, आणि त्यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही.

तिकीट वाढवल्याने काय होतं याचं आपल्या डोळ्यासमोरचं उदाहरण म्हणजे राणीबाग, भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय. ती महापालिकेच्या, म्हणजे आपल्याच पैशावर चालते. पेंग्विन आले आणि २०१७ च्या ऑगस्टपासून पाच रुपयांचे पन्नास झाले. केवढा आरडाओरडा झाला होता! पण आई-बाप आणि दोन पोरं असं कुटुंब असेल तर मिळून शंभर, अशी सोय ठेवली, आणि रविवारी आजही रांग बघा तुम्ही. त्याच आवारात भाऊ दाजी लाड म्युझियम, तिथे वर्षानुवर्षं दहा रुपये तिकीट होतं, आणि तिथे मी रविवारी दुपारी आरामात एकटी उभी राहिलेय त्या मातीच्या छोट्या बाहुल्यांसमोर. पेंग्विन पन्नास रुपयांना खपतो आणि मातीच्या बाहुल्या दहालाही नाही, याचा अर्थ प्रश्न तिकिटाच्या आकड्याचा नाहीये.

मग माझं मत? पंधराच्या आतल्यांना सगळीकडे फुकट, मग म्युझियम कोणाचंही असो. आठवड्यातून एक संध्याकाळ सगळ्यांना फुकट, आठपर्यंत उघडं, त्या गॅसच्या दिव्यांसारखं. कारण सकाळी दहा ते पाच उघडं आणि सोमवारी बंद ही वेळ नोकरी नसलेल्यांसाठीच आहे. बाकी वीस रुपये ठेवा खुशाल, पण ते त्या म्युझियमच्याच खात्यात राहू द्या आणि दारात पाटी लावा, गेल्या महिन्यात एवढे जमले, त्यातून हे केलं. दीडशे रुपयांचा बल्ब बदलला असला तरी लिहा.

प्रश्न: म्युझियमच्या तिकिटावर जीएसटी लागतो का? कॉलेजमध्ये पैज लागलीये.
– बीकॉमचा विद्यार्थी, लातूर

उत्तर: नाही. म्युझियम, राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्राणिसंग्रहालय यांच्या प्रवेशाला सूट आहे. आतल्या कॅन्टीनच्या चहावर मात्र ही सूट दाखवू नकोस. पैज कशाची होती ते कळव.

प्रश्न: फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही. फुकटच्या दिवशी जाऊन बघा, नुसते सेल्फीवाले आणि टाइमपास करणारे. आमच्या पिढीने पैसे मोजून, अभ्यास करून म्युझियम बघितली. तुमच्यासारख्या लोकांनी उगाच गर्दीची तळी उचलू नये.
– एक जाणकार, पुणे (सदाशिव पेठ असं त्यांनी स्वतः लिहिलंय)

उत्तर: काका, प्रश्न कुठे आहे यात? पण उत्तर देते.

फुकटच्या दिवशी मी गेलेय. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन, १९ नोव्हेंबरला वारसा सप्ताहाची सुरुवात, ८ मार्चला बायकांना, असे पुरातत्त्व खात्याचे दिवस असतात, आणि २०२२ मध्ये तर ५ ते १५ ऑगस्ट सगळी स्मारकं फुकट होती. गर्दी असते, खरंय. सेल्फी असतात, खरंय. पण फुकटच्या दिवशी आलेला माणूस मूर्तीसमोर सेल्फी काढतो म्हणजे निदान मूर्तीसमोर आलाय ना तो? आणि तिकीट काढून आलेले काय वेगळं करतात? मी तर तिकीट काढून आलेले लोक तोफेवर पोरं बसवताना पाहिलेत.

बरं, लोक का जात नाहीत याबद्दल माझ्या डोळ्यासमोरचा एक प्रसंग सांगते, गावाचं नाव घेत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणचं एक म्युझियम, तिकीट दहा रुपये. मी पायरीवर बसून चपलेचा पट्टा बघत होते. एसटी स्टँडवरून एक कुटुंब आलं, नवरा-बायको, म्हातारी, दोन पोरं. नवऱ्याच्या हातात पिशवी, दुपारची वेळ, बहुतेक गाडीला वेळ होता. खिडकीशी जाऊन त्याने विचारलं, "आत काय हाय?" आतला माणूस मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "जुन्या वस्तू." तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "कसल्या?" "जुन्या." मग त्याने बायकोकडे बघितलं, तिने म्हातारीकडे, आणि ते पाचही जण वळले, आणि रस्ता ओलांडून समोरच्या गुऱ्हाळावर जाऊन बसले. पाच ग्लास रस घेतला त्यांनी, मोठे ग्लास. आत जायला लागले असते त्याच्यापेक्षा जास्तच पैसे गेले असणार.

त्या म्हातारीच्या हातातल्या पाटल्या जशा होत्या ना, अगदी तशाच पाटल्या आत काचेमागे होत्या, त्यावर नुसतं 'अलंकार' लिहिलं होतं. 'तुमच्या आजीच्या हातातल्या पाटल्या कशा घडवायच्या ते आत आहे' एवढं जरी तो बोलला असता! तर काका, किंमत न राहण्याचं सोडा, किंमत सांगायलाच कोणी नाहीये खिडकीवर. आणि त्या माणसाचीही बाजू आहे, त्याला आत काय आहे हे कोणी कधी दाखवलं असेल असं मला वाटत नाही, त्याला तिकिटं फाडायला बसवलंय, तो फाडतो.

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. सातवीची बेचाळीस मुलं आहेत, बहुतेक ऊसतोड कामगारांची. त्यांना अजिंठा-वेरूळ दाखवायचंय. तिकिटाचे पैसे पालकांकडून मागायला लाज वाटते. काही सवलत आहे का?
– एक शिक्षक

उत्तर: सर, तिकिटाचं टेन्शन आधी काढून टाका. पुरातत्त्व खात्याच्या सगळ्या ठिकाणी पंधरा वर्षांच्या आतल्यांना प्रवेश फुकट आहे. तुमची सातवीची मुलं सगळी त्यात बसतात. तरी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची, जन्मतारखांसह यादी बरोबर ठेवा, एखादं उंच पोरगं असतंच आणि खिडकीवर शंका येते. तुम्हा शिक्षकांना प्रत्येकी चाळीस, ऑनलाइन काढलं तर पस्तीस. बीबी का मकबरा वाटेत घेणार असाल तर तिथे पंचवीस.

खरा खर्च गाडीचा. शैक्षणिक सहलीला एसटीत पन्नास टक्के सवलत मिळते, डेपोत शाळेच्या लेटरहेडवर आधी अर्ज द्यावा लागतो, आणि डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळा एकदम धावतात म्हणून लवकर द्या. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, अजिंठ्याला आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही, अलीकडे फर्दापूर फाट्याला थांबवतात, तिथून पुढे त्यांच्या बसने जायचं, आणि त्या बसचे पैसे वेगळे. लेणं फुकट आणि बसला पैसे, पण आहे ते असं आहे, बेचाळीस जणांचे धरून ठेवा. गावात कोणी दुकानदार, कारखान्याचे कोणी असतील तर त्यांच्याकडे एवढेच मागा, 'सहलीला मदत करा' म्हणण्यापेक्षा 'बसचे एवढे रुपये कमी पडतायत' म्हटलं की माणूस पटकन खिशात हात घालतो.

वार बघून ठरवा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दोन्ही एका सहलीत करायचं तर बुधवार-गुरुवार सोपं. दोन्ही एकाच दिवशी करू नका, पोरं वेरूळच्या पायऱ्यांवर झोपतील.

मुंबईचं ते ट्रस्टवालं म्युझियम २०१५ पासून एक बसही फिरवतं, आत छोटं प्रदर्शन लावलेली, ती गावोगावच्या शाळांमध्ये जाते. त्यांना पत्र टाकून ठेवा. मुलं म्युझियमला जाणार नाहीत तर म्युझियम येईल, हे जमलं तर तिकीट, एसटी, फाटा काहीच नको.

अजिंठ्याला चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी ठराविकच लोक सोडतात आणि चपला बाहेर काढायला लावतात, म्हणून मुलांचे आधीच दोन गट पाडा, नाहीतर बेचाळीस जोड्या चपलांचा ढीग आणि त्यात एकाची हमखास हरवते. आत अंधुक असतं, डोळे सरावायला दोन मिनिटं द्या आणि मगच पहिल्या लेण्यातला पद्मपाणी दाखवा. आत शिरल्या शिरल्या दाखवलात तर पोरं 'काहीच दिसत नाय सर' म्हणून बाहेर पळतील.

आणि दहा नंबरच्या लेण्यात नक्की थांबा. जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख घालून स्वतःचं नाव तिथे कोरून ठेवलंय, थेट चित्रावर. शिकारीला आला होता म्हणतात, आणि तिकीट अर्थातच काढलेलं नव्हतं. ते नाव आज हात पोचणार नाही इतकं वर दिसतं. मुलांना लगेच कारण सांगू नका, आधी विचारा की एवढ्या वर कसं कोरलं असेल. कोणी शिडी म्हणेल, कोणी हत्ती म्हणेल. तेव्हा लेणं दगडमातीने भरलेलं होतं आणि तो त्या ढिगावर उभा होता, हे बेचाळीसमधलं एक तरी पोरगं ओळखेल, आणि ओळखलं तर मला त्याचं उत्तर त्याच्याच अक्षरात लिहून पाठवा.